अर्धा तास चालतो, मग दम सोडतो: जुन्या ट्रॅक्टरचं परत परत येणारं दुखणं कसं शोधायचं

आमचा ट्रॅक्टर १९९४ सालचा आहे. ३५ एचपी, तीन सिलिंडर, वडिलांनी कर्ज काढून घेतलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता, आणि खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळ्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरांना लागू पडतं.

गेल्या उन्हाळ्यात उसाचा खोडवा मोडला आणि रान रोटाव्हेटरनं तयार करायला घेतलं. सकाळी सेल्फ मारला की ट्रॅक्टर एका झटक्यात चालू. पहिली तीस-चाळीस मिनिटं काहीच तक्रार नाही. मग रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, आपोआप वर-खाली व्हायला लागायची, दम कमी व्हायचा, लिव्हर पूर्ण ओढला तरी आवाज चढायचा नाही, आणि तास संपायच्या आधीच इंजिन बंद. पंधरा-वीस मिनिटं लिंबाखाली बसायचं, परत सेल्फ मारला की चालू. मग वीस मिनिटं काम, परत तेच. रिकामी ट्रॉली घेऊन गावात जाऊन आलं तर मात्र एकदाही बंद पडायचा नाही.

तीन महिन्यांत चार मिस्त्री झाले. पहिल्यानं दोन्ही डिझेल फिल्टर बदलले आणि हवा काढली. दोन दिवस व्यवस्थित चालला. दुसऱ्यानं सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासले आणि एक बदलला. तीन दिवस चालला. तिसऱ्यानं नोझलना दाबानं डिझेल देणारा पंप उतरवून तालुक्याला कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवायला, नेला. आठवडाभर चालला, पण त्या आठवड्यात आम्ही बहुतेक हलकीच कामं केली होती, हे नंतर लक्षात आलं. चौथे मिस्त्री म्हणाले, "दादा, आता इंजिन दमलंय. हाफ इंजिनचं काम काढावं लागंल." हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवायचं, स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन. पेरणी तोंडावर असताना तेवढा पैसाही नव्हता आणि तेवढे दिवसही नव्हते.

मग एक दिवस वही घेऊन बसलो आणि प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी नेमकं काय काय केलं होतं ते आठवून लिहिलं. चौघांचं निदान वेगळं, पण एक गोष्ट चौघांनीही केली होती. टाकीकडून फीड पंपाकडं (टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलणारा लहान पंप) येणारी नळी सोडवून तिच्यात तोंडानं किंवा कॉम्प्रेसरनं फुंकर मारली होती. टाकीत गुडगुड आवाज आला, की "लाइन साफ आहे" म्हणून नळी परत जोडली होती. म्हणजे फिल्टर, नोझल, पंप यांतल्या कशानंही ट्रॅक्टर बरा होत नव्हता. तो त्या फुंकरीनं दोन दिवस बरा होत होता. दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर दोन दिवस चालला की आपण मानतो, दुरुस्ती योग्य होती आणि आता काहीतरी दुसरं बिघडलंय. माझे तीन महिने या एका समजुतीत गेले.

बंद कसा पडतो, ते आधी नीट बघा

मिस्त्रीला फोन करायच्या आधी ट्रॅक्टर नेमका कसा बंद पडतो ते पाहून ठेवा. दम हळूहळू जात, रेस वर-खाली होत बंद पडत असेल, तर डिझेल कमी मिळतंय किंवा डिझेलबरोबर हवा जातेय. दिवा मालवावा तसा एका क्षणात बंद पडत असेल, तर आधी डिझेल बंद करायची वायर आणि तिची स्प्रिंग बघा. वायर गंजून अडकते आणि धक्क्यानं स्वतःच ओढली जाते. हवेचा मोठा बुडबुडा आला तरी इंजिन असं अचानक बंद पडू शकतं.

बंद पडल्यावर लगेच सेल्फ एकदाच मारून बघा. इंजिन हलकं, नेहमीच्या वेगानं फिरतंय पण पेट घेत नाही, तर दोष डिझेलचा. सेल्फ कण्हतोय, इंजिन जड फिरतंय, तर ते गरम होऊन आवळलंय. अशा वेळी काटा काय दाखवतो यावर विसंबू नका, कारण जुन्या ट्रॅक्टरवरचे निम्मे काटे मेलेले असतात आणि रेडिएटरमध्ये पाणीच नसेल तर चांगला काटाही खोटं सांगतो. जड फिरणाऱ्या इंजिनाला परत परत सेल्फ मारू नका. थंड होऊ द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

तिसरी नोंद टाकीची. टाकी भरलेली असताना दिवसभर चालतो आणि अर्ध्याच्या खाली आली की त्रास देतो, असं असेल तर टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये कुठून तरी हवा शिरतेय. जुन्या ट्रॅक्टरांत टाकी बहुधा इंजिनाच्या वर, बॉनेटखाली असते. ती भरलेली असताना डिझेल स्वतःच्या वजनानं खाली येतं. पातळी उतरली की हा जोर कमी होतो आणि पंपाला ओढून घ्यावं लागतं. आमच्याकडं टाकी भरलेली असो की अर्धी, वेळ तीच होती. लोडवरच बंद पडायचा, रिकाम्या फेरीत नाही. हेही मी वहीत लिहिलं.

लोडवरच का?

हे समजायला साधा हिशेब पुरतो. ३५ एचपीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरवर ताशी साधारण ५ लिटर डिझेल घेतो असं धरा. म्हणजे मिनिटाला ८०-८५ मिली, चहाच्या लहान कपाएवढं. तोच ट्रॅक्टर जागेवर मंद रेसवर उभा असेल तर याच्या पाव हिश्शातही भागतं. त्यामुळं नळी तीन हिस्से तुंबली असली तरी अंगणात उभा ट्रॅक्टर अगदी छान चालतो. मिस्त्री अंगणात रेस देऊन ऐकतो आणि "आता झालं" म्हणतो. ते खोटं बोलत नाहीत. अंगणात खरंच काही दिसत नाही. म्हणून डिझेलचा दोष शोधायचा तर रानात, अवजार जोडून, तो बंद पडेपर्यंत चालवून शोधायचा.

हवेचं तसं नाही. नोझल उघडायला साधारण १७५ ते २५० बार दाब लागतो. डिझेल दाबलं तर ते फारसं आक्रसत नाही, म्हणून पंपाचा लहानसा प्लंजर एवढा दाब देऊ शकतो. मध्ये हवा आली की प्लंजर हवाच दाबत बसतो, नोझल उघडतच नाही. चिमूटभर हवासुद्धा एखादं सिलिंडर बंद पाडते.

टाकीपासून सुरुवात करा

कुठंही पाना लावायच्या आधी टाकीचं झाकण. झाकणाला बारीक भोक असतं. टाकीतलं डिझेल कमी होईल तशी त्या भोकातून हवा आत यायला हवी. माती आणि डिझेल यांचा लगदा होऊन ते भोक बुजतं, मग टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल खाली यायचं थांबतं. लक्षणं अगदी आमच्यासारखीच असतात: अर्धा तास चालतो, बंद पडतो, थांबलं की चालतो. ट्रॅक्टर बंद पडला की लगेच झाकण सैल करा आणि कान द्या. "सूंऽऽ" असा हवा ओढल्याचा आवाज आला, तर दोष सापडला. झाकण रॉकेलमध्ये धुऊन भोक बारीक तारेनं मोकळं करा. शेजारच्या वस्तीवरच्या एका ट्रॅक्टरचं दुखणं एवढंच निघालं, आणि त्यांनीही त्याआधी पंप उतरवला होता. आमच्या झाकणातून काही आवाज आला नाही.

पुढं नळी. फीड पंपाला, ज्याला काही मिस्त्री एसी पंप म्हणतात, जिथं टाकीकडची नळी येते तिथं ती सोडा आणि तोंड बाटलीत धरून टाकीखालचा कॉक उघडा. इथं बहुतेकांची जी चूक होते ती मीही केली होती: धार पडली की "येतंय की" म्हणून कॉक बंद करतात. तसं करू नका. लिटरची पाण्याची बाटली धरा, घड्याळ लावा आणि दोन लिटर पडेपर्यंत नळी हलवू नका. टाकी वर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये मिनिटाला निदान अर्धा लिटर तरी मोकळेपणानं पडायला हवं. आमच्याकडं पहिली बाटली जोरात भरली. दुसरी निम्मी झाली आणि धार बारीक होत होत दोऱ्यासारखी झाली. नळीत तोंडानं फुंकलं, गुडगुड झालं, आणि धार परत करंगळीएवढी. तिथंच उभ्या उभ्या तीन महिन्यांचं कोडं सुटायला लागलं.

पण आधी चार वेळा फसलेलो असल्यानं मी आणखी एक परीक्षा केली, आणि ती सगळ्यांनी करावी अशी आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, ट्रॅक्टरवरच्या छत्रीच्या दांड्याला सायलेन्सरपासून लांब घट्ट बांधला, आणि त्यातून पारदर्शक नळी थेट फीड पंपाला जोडली. ट्रॅक्टरची टाकी, कॉक, जुनी नळी यांपैकी काहीच वाटेत ठेवलं नाही. हवा काढली आणि रोटाव्हेटर लावून रानात गेलो. कॅन संपत आला की वरून भरायचा, तोही ट्रॅक्टर थांबवून, इंजिन बंद करून. दोन तास चालवला. एकदाही रेस पडली नाही. म्हणजे पंप, नोझल, फिल्टर, इंजिन सगळं ठीक. दोष टाकी ते फीड पंप या तीन फुटांतच. ज्या इंजिनाचं काम काढायचं म्हणत होते, ते दोन तास लोडवर ताठ चाललं.

पारदर्शक नळीचा आणखी एक उपयोग. कॅनवरही ट्रॅक्टर बंद पडला असता, तर नळीत बुडबुडे दिसतात का हे बघता आलं असतं. बुडबुडे दिसले तर हवा त्या नळीच्या जोडातूनच शिरतेय. स्वच्छ डिझेल भरलेलं दिसतंय आणि तरी दम जातोय, तर दोष पुढं, फीड पंप, फिल्टर किंवा पंपात.

टाकीत काय निघालं

बॉनेट काढलं, पट्ट्या सोडल्या, डिझेल कॅनमध्ये उतरवून टाकी खाली घेतली. आत टॉर्च मारला तर तळाला काळपट, बुळबुळीत थर होता. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून पाणी कायम तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी-जंतू वाढून असा चिकट गाळ होतो. पण धार अडवणारी वस्तू वेगळीच होती. रुपयाच्या नाण्याएवढा चंदेरी तुकडा, कॅनच्या झाकणाखाली असतं त्या सीलचा. पेट्रोल पंपावरून डिझेल आणायला आम्ही फवारणीच्या औषधाचा धुतलेला कॅन वापरत होतो. त्याचं सील कधीतरी फाटून आत राहिलं आणि ओतताना टाकीत गेलं. टाकीच्या तोंडाला असते ती जाळी आमच्याकडं पूर्वीच तुटली होती आणि आम्ही नवीन बसवली नव्हती.

आता सगळी लक्षणं जुळली. लोडवर डिझेलची ओढ वाढली की तुकडा तरंगत येऊन कॉकच्या तोंडावर चिकटायचा. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची, पंधरा मिनिटांत तुकडा सुटून बाजूला जायचा. रिकाम्या फेरीत ओढच कमी, म्हणून चिकटायचा नाही. आणि प्रत्येक मिस्त्रीच्या फुंकरीनं तो टाकीच्या लांबच्या कोपऱ्यात जायचा आणि परत यायला दोन-तीन दिवस लागायचे.

टाकी थोड्या थोड्या डिझेलनं खळखळून पाच वेळा धुतली, शेवटचं डिझेल स्वच्छ निघेपर्यंत. पाण्यानं धुतली तर पूर्ण वाळवावी लागते, म्हणून मी पाणी टाळलं. टाकी गळत असेल आणि वेल्डिंगला न्यायची असेल, तर एक कळकळीची विनंती: रिकामी दिसते म्हणून तशीच नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. असं काम रोज करणाऱ्याकडंच द्या आणि टाकी आधी पूर्ण धुऊन द्या.

रबरी नळीही बदलली. जुनी नळी बाहेरून चांगली दिसत होती, पण ब्लेडनं उभी चिरली तर आतला थर सुटून लोंबत होता. तो लोंबणारा थर पडद्यासारखा काम करतो. फुंकर मारली की उघडतो, डिझेल ओढलं की मिटतो. टाकीत काही सापडलं नाही तर नळी चिरून बघा. ती नाहीतरी स्वस्त असते.

हवा शिरत असेल तर

आमच्या गोष्टीत मूळ कारण हवा नव्हती, पण जुन्या ट्रॅक्टरमध्ये सर्वांत जास्त त्रास हवेचाच असतो, म्हणून थोडं सविस्तर.

फीड पंपाच्या पुढं डिझेल दाबाखाली असतं, तिथं जोड सैल असेल तर डिझेल गळतं आणि दिसतं. फीड पंपाच्या मागं ओढ असते, तिथं जोड सैल असला तरी बाहेर थेंबही येत नाही, उलट हवा आत जाते. त्यामुळं "कुठं ओलं नाही, म्हणजे लाइन चांगली" हा निष्कर्ष धोक्याचा आहे. पोकळ बोल्टाखालचे तांब्याचे वायसर हे पहिले संशयित. प्रत्येक वेळी तोच दबलेला वायसर परत लावतात, म्हणून हवा घेतो. नवीन वायसर काही रुपयांत मिळतात, दरवेळी बदला. आणि बोल्ट आवळताना अंगातली ताकद लावू नका. फिल्टरच्या अॅल्युमिनियम डोक्याचे आटे गेले तर ते डोकंच बदलावं लागतं. फिल्टर बदलताना जुना रबरी रिंग खाचेत तसाच राहून त्यावर नवा बसला, हेही पुष्कळदा घडतं. कापडी आणि पेपर असे दोन्ही फिल्टर असतील तर दोन्ही वाट्यांचे रिंग बघा.

हवा काढायचा क्रम टाकीकडून नोझलकडं. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपावरचा हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की हात चालू ठेवूनच स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा. लाइन पंप असेल, ज्याला आपल्याकडं अजून मायको पंप म्हणतात, तर तिथं काम लवकर होतं. गोल रोटरी पंप असेल तर त्यावर बहुधा दोन स्क्रू असतात, आधी खालचा, मग वरचा. शेवटी नोझलवरच्या नळ्यांचे नट एक-दोन आटे सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल फसफसलं की आवळायचे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

फीड पंपाला बाजूला लहान लिव्हर असेल आणि हलवताना तो ढिला, बिनकामाचा वाटत असेल, तर पंप खराब ठरवायच्या आधी इंजिन थोडं फिरवा. आतला कॅम वर येऊन थांबला असेल तर लिव्हरला पूर्ण झोक मिळत नाही. सेल्फचा एक हलका झटका दिला की लिव्हर परत कामाला लागतो. यावरून चांगले पंप बदललेले मी पाहिलेत.

आणि एक धोका नीट लक्षात ठेवा. नोझल बाहेर काढून त्याचा फवारा बघताना हात, बोट कधीही समोर धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. वर सुईएवढाच डाग दिसतो, आत मात्र बोट सडू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाबाचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

धुरावरून

टाकी, नळी, हवा हे सगळं ठीक असूनही दम नसेल तर धूर बघा. लोड पडल्यावर क्षणभर काळा धूर निघणं जुन्या इंजिनात चालायचंच. सतत काळा निघत असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी. आधी एअर क्लीनर. रोटाव्हेटरच्या धुळीत ऑइल बाथची, म्हणजे एअर क्लीनरखालची तेलाची, वाटी रोज उघडून बघायला हवी. ऑइल दाट चिखलासारखं झालं तर बदला, आणि खुणेच्या वर भरू नका. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं आणि त्यावरच पळतं, बंद करायची वायर ओढली तरी थांबत नाही. तशी वेळ आलीच तर हवा यायचं तोंड जाड लाकडी फळीनं दाबून बंद करायचं, हातानं नाही. एअर क्लीनर आणि इंजिन यांमधल्या रबरी नळीची क्लिपही तपासा. तिथून आत जाणारी धूळ गाळलेली नसते, ती रिंगा आणि स्लीव्ह घासून काढते.

काळ्या धुराचं आमच्या ऊस पट्ट्यातलं दुसरं कारण म्हणजे दोन ट्रॉल्या ओढायला पंप वाढवून, म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा, करून घेणं. दम वाढल्यासारखा वाटतो, पण इंजिन गरम व्हायला लागतं आणि मग हेड पॅकिंगचं काम निघतं. मी तरी ते करू नका असंच म्हणेन.

पांढरा धूर फक्त सकाळी निघतो, डोळे चुरचुरतात आणि पाच-दहा मिनिटांत जातो, तर ते न जळलेलं डिझेल. नोझल थेंब टाकतोय, कॉम्प्रेशन कमी आहे किंवा टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागं आहे. कुठल्या सिलिंडरचा दोष ते शोधायला मंद रेसवर एकेका नोझलचा नट फडकं धरून सैल करा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच लंगडतं. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर मेलेलं. मग इंजिन बंद करून त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल बदला. दोष जागेवरच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), व्हॉल्व्ह, रिंगा. एवढं केल्यावर मिस्त्रीशी बोलणं फार सोपं होतं.

पांढरा धूर दिवसभर राहतो, पाणी कमी होतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं, तर हेड पॅकिंग गेलंय किंवा हेडला तडा आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि त्याचबरोबर ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) भकभक वाफ येत असेल, म्हणजे इंजिन बॅक मारत असेल, तर खरंच हाफ इंजिनची वेळ आली. आमच्या ब्रीदरसमोर हात धरला तर हलकीशी झुळूक होती, एवढंच. हे चौथ्या मिस्त्रींनी बघितलं नव्हतं आणि मीही बघा म्हणालो नव्हतो.

इंजिन ऑइलची पातळी वाढत असेल तर आनंद मानू नका. डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर फीड पंपाचा पडदा फाटलाय, नाहीतर पंपातून किंवा नोझलमधून डिझेल खाली उतरतंय. पातळ ऑइलवर एक दिवस नांगरणी केली तरी बेअरिंग जातात.

गरम होणाऱ्या इंजिनाबद्दल थोडक्यात. आधी पट्टा, मग रेडिएटरची पाती. पाचटाचा भुस्सा जाळीत बसतो. फॅन हवा पुढून आत ओढतो, म्हणून साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढं मारायचं, नाहीतर कचरा आणखी आत बसतो. बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये भरू नका, कूलंट वापरा.

चाळीस मिनिटांनी, पण फक्त गरम असताना

एक दोष आमच्यासारखाच दिसतो पण वेगळा असतो. रोटरी पंप झिजला असेल तर गरम झाल्यावर डिझेल पातळ होऊन आतल्या आत निसटतं. चालू इंजिन बहुधा ओढून नेतं, पण गरम असताना एकदा बंद केलं की परत चालू होत नाही, गार झालं की होतं. ओळखायची युक्ती: इंजिन बंद असताना पंपावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. त्यानंतर लगेच चालू झालं तर पंप कॅलिब्रेशनवाल्याकडं न्या. चालू इंजिनाच्या पंपावर पाणी कधीच ओतू नका. बाहेरचं कवच एकदम आक्रसून आतला भाग धरला जाऊ शकतो.

आमच्या ट्रॅक्टरला त्या दिवसापासून जाळी नवीन आहे. डिझेलचा कॅन वेगळा, त्यावर मोठ्या अक्षरांत "फक्त डिझेल" लिहिलंय. टाकी आता संध्याकाळीच भरतो, म्हणजे रात्री रिकाम्या जागेत दव धरत नाही. महिन्यातून एकदा सकाळी, ट्रॅक्टर हलवायच्या आधी, फिल्टरच्या खालचा स्क्रू उघडून बशीत थोडं डिझेल घेतो आणि तळाशी पाण्याचे मणी दिसतात का बघतो. बाटलीची परीक्षा दर हंगामाच्या सुरुवातीला करतो. या वर्षीची खोडव्याची पाच एकर रोटाव्हेटरनं एकदाही न थांबता झाली. सकाळच्या पांढऱ्या धुराचा प्रश्न अजून आहे. नट सैल करून बघितलं तर तिसरं सिलिंडर, आणि नोझल बदलून लावला तरी दोष तिथंच राहिला. गळीत हंगाम संपला की त्याचे टॅपेट आधी मोजायचेत, हेड नंतर.